गणेशोत्सवात श्वसनरुग्णांसाठी निधी कसा उभारावा

कोकणातल्या वाडीत एरवी कुलपे लागलेली घरे गणपतीत उघडतात आणि चाकरमानी एकत्र येतात, त्यामुळे वर्गणीसाठी याहून सोयीचा काळ नाही. मात्र तयारी श्रावण लागतानाच सुरू करावी.

प्रथम गरज निश्चित करावी. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या वृद्ध स्त्रिया, विडी ओढणारे पुरुष, चिरेखाणीच्या धुळीत राबलेले कामगार यांपैकी कोणाला काय हवे, हे प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर आणि आशाताईंना विचारावे. पुष्कळदा इनहेलर आणि स्पेसर (इनहेलरला जोडायची, औषध फुफ्फुसात नीट पोचवणारी नळी) वेळेवर मिळणे एवढीच निकड असते. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारे विजेवरचे यंत्र, मात्र डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याशिवाय देऊ नये, कारण सीओपीडीच्या (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या दीर्घकालीन आजाराच्या) काही रुग्णांना गरजेहून अधिक ऑक्सिजन दिल्यास रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो.

अंदाजपत्रकात मंडळे नेमकी इथेच चुकतात: यंत्राची किंमत धरतात, ते चालवण्याचा खर्च धरत नाहीत. दीर्घकालीन उपचारात ऑक्सिजन दिवसाला किमान १५ तास घ्यावा लागतो. ३५० वॅटचे यंत्र तेवढा वेळ चालले, तर रोज सव्वापाच युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे १५८ युनिट वीज लागते. ज्या घरात दोन दिवे आणि एक पंखा एवढाच वापर आहे, तिथे पहिले बिल येताच यंत्रावर चादर पडते. म्हणून किमान वर्षभराच्या विजेची, फिल्टरची आणि नळ्यांची तरतूद आधीच करावी. पावसाळ्यात तारेवर माड कोसळला की रात्र अंधारात जाते, तेव्हासाठी भरलेला सिलिंडर आणि तो लावता येणारा माणूस घरात हवा.

मंडळ नोंदणीकृत न्यास नसेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क नुसार धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेऊनच वर्गणी गोळा करावी. क्यूआर कोड मंडळाच्या खात्याचाच असावा, खजिनदाराच्या खासगी खात्याचा नव्हे. प्राप्तिकरात सवलत हवी असलेल्यांनी पात्र संस्थेलाच देणगी द्यावी आणि ₹२,००० हून अधिक रक्कम रोखीने देऊ नये.

आवाहनासाठी रात्रीच्या आरतीनंतरची, भजनाला बसण्यापूर्वीची पाच मिनिटे पुरतात. गौरी-विसर्जन झाले की मंडळी परतीच्या गाडीला लागतात, म्हणून पैसे त्याआधीच जमा करावेत. प्रसादाच्या नारळाचा लिलाव होत असेल, तर त्याची बोली या कामासाठी ठेवण्याविषयी गावकीत आधी बोलून घ्यावे. रुग्णाचे नाव माइकवरून घेऊ नये. मदत घेणाऱ्याला उद्या त्याच वाटेने पाणी भरायला जायचे असते. फटाके तर टाळावेतच, आणि दाटीच्या माजघरात धूपही बेताचाच लावावा. देणगीदारांच्या फ्लेक्सवर निधीतला एक रुपयाही खर्च करू नये, मग कोणी कितीही रुसो.

वाडीत क्षयरुग्ण असतील, तर वेगळी यंत्रणा उभारण्याऐवजी मंडळाने ‘निक्षय मित्र’ म्हणून नोंदणी करावी. रुग्णाच्या संमतीने त्याला उपचारकाळात पोषण आहार पुरवण्याची ही शासकीय योजना २०२२ पासून सुरू आहे.

यंत्र कायमचे न देता वापरासाठी द्यावे आणि देताना व परत घेताना वहीत सही घ्यावी. शिमग्यात पालखी सहाणेवर (ती ठेवण्याच्या गावातल्या ठरलेल्या जागेवर) आली की बरेचसे तेच लोक पुन्हा जमतात. तेव्हा जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवावा आणि पुढच्या पावसाळ्याआधी यंत्र तपासून आणण्याचे काम कोणाकडे, हे तिथेच ठरवावे.