क्रॉस-कंट्री उड्यांचा सराव: घोडा आणि स्वार सुरक्षित कसे ठेवावेत

शो जंपिंगमधील, म्हणजे रिंगणात रचलेल्या अडथळ्यांवरील उड्यांमधील दांडा खुराचा धक्का लागताच खाली पडतो, परंतु क्रॉस-कंट्रीतील, म्हणजे मोकळ्या रानातील पक्क्या अडथळ्यांवरून घोडा नेण्याच्या प्रकारातील ओंडका जागचा हलत नाही. घोड्याच्या पुढच्या पायांचा वरचा भाग किंवा छाती त्यावर आदळल्यास घोडा स्वारासह कोलांटी खाऊ शकतो आणि या खेळातील सर्वांत गंभीर अपघात असेच होतात.

प्रथम जमीन पाहावी. सोलापूरकडील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात खुरांना चिकटते. अडथळ्याच्या अलीकडील व पलीकडील जागा पायी फिरून, टाच रोवून तपासावी. टाच मुळीच रुतत नसेल तर उडी टाळावी, बुटाला चिखलाचा गोळा येत असेल तर त्या दिवशी मैदानावर जाऊच नये. मुरमाच्या जागेवर निचरा चांगला होतो, मात्र खडे वेचून घ्यावेत.

एकट्याने सराव कधीही करू नये. सोबतच्या माणसाजवळ फोन असावा. स्वार पडल्यास त्याचे हेल्मेट न काढता, त्याला न हलवता 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. छाती-पाठीचे संरक्षक जाकीट आणि टाचेचे बूट आवश्यक आहेत. पडताना आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले, तरी बदलावे.

घोड्याला आधी जमिनीवरील दांड्यांवरून दुडक्या चालीने न्यावे. दांड्यांत सुमारे 1.3 मीटर अंतर ठेवून ते घोड्याच्या ढांगेप्रमाणे जुळवावे. नंतर 30-40 सेंटीमीटरचा ओंडका घ्यावा. अगदी नाकासमोरचे घोड्याला दिसत नाही, त्यामुळे त्याला अडथळा दुरून, सरळ रेषेत दिसावा आणि मान मोकळी असावी. अकलूजच्या बाजारातून आणलेला, वरातीत नाचायला शिकवलेला घोडा मान उंच धरत असेल, तर ती सैल सोडायला शिकवण्यातच काही महिने जातात. या टप्प्यावरची घाई अनेकांना नडते. घोडा दोनदा अडला, तर चाबूक न उगारता अडथळा कमी करावा. चर घ्यायचा तर आधी कोरडा, उथळ आणि अर्ध्या मीटरचा घ्यावा.

एप्रिल-मे महिन्यांत सराव सकाळी आठच्या आत संपवावा. नंतर घोड्याच्या अंगावर सतत गार पाणी ओतावे आणि जबड्याखालील नाडी मोजावी. विश्रांतीच्या वेळी ती मिनिटाला 28 ते 44 असते. पंधरा मिनिटांनंतरही 64 च्या वर राहिली, तर पशुवैद्यांना बोलवावे. दुसऱ्या दिवशी खोगीर चढवण्यापूर्वी चारही पायांच्या नळ्यांवरून तळहात फिरवावा आणि एखादी इतरांहून गरम लागल्यास त्या दिवशी उडी घेऊ नये.