फंक्शनची बॉडी लिहायच्या आधी काय काय लिहायचं (पायथॉन, पहिलं सेमिस्टर)

फर्स्ट इयरच्या प्रॅक्टिकलला बहुतेक जणांची पद्धत एकच, कोड कसातरी चालवायचा आणि सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नलसाठी वरती दोन ओळी कमेंट चिकटवायच्या. हे उलटं करा. आधी डॉकस्ट्रिंग (फंक्शन काय करतं हे सांगणारा, फंक्शनमध्येच लिहिलेला मजकूर), मग कोड. उदाहरणाला लीप वर्ष घेऊ, ते सगळ्यांना येतं असं सगळ्यांना वाटतं.

आधी एक वाक्य, कागदावर लिहिलं तर उत्तम: "वर्ष ग्रेगोरियन कॅलेंडरप्रमाणे लीप असेल तर ट्रू देतं, नाहीतर फॉल्स." बास. चारने भाग, शंभरने भाग हे इथे नको, ते बॉडीचं काम. आणि वाक्य जर "वर्ष विचारतं आणि लीप आहे का बघतं आणि स्क्रीनवर दाखवतं" असं व्हायला लागलं तर ती तीन कामं आहेत, वेगळी करा. ग्रेगोरियन हा शब्द शोभेला नाहीये. ब्रिटनमध्ये हे कॅलेंडर १७५२ मध्ये आलं, म्हणजे त्याआधीच्या, दर चौथं वर्ष लीप धरणाऱ्या कॅलेंडरप्रमाणे १७०० साल तिथे लीप धरलं होतं आणि आपलं फंक्शन मात्र फॉल्स म्हणणार, मग वाचणाऱ्याला नियम कुठला ते कळायला नको का?

नाव "इज अंडरस्कोर लीप" ठेवा. "चेक" नावाच्या फंक्शनने ट्रू दिलं तर त्यातून काय समजायचं?

मग उदाहरणं, ती पण कोडच्या आधीच. २०२४ ला ट्रू, २०२३ ला फॉल्स, इथे बरेच जण थांबतात, पण नुसतं चारने भागणारं चुकीचं फंक्शनसुद्धा या दोन्हीत पास होतं. खरी परीक्षा १९०० (फॉल्स) आणि २००० (ट्रू) ची. एक्सेल अजूनही २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख खरी मानतं, लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅममधली चूक त्यांनी फाईली जुळाव्यात म्हणून मुद्दाम तशीच ठेवलीय.

हे सगळं डेफच्या ओळीखाली लगेच, तिहेरी कोट्समध्ये टाका. हॅशवाली कमेंट पायथॉन सोडून देतं, डॉकस्ट्रिंग मात्र फंक्शनला चिकटून राहते आणि हेल्पला फंक्शनचं नाव दिलं की दिसते. उदाहरणं शेलमध्ये (एकेक ओळ टाइप करून लगेच उत्तर बघायची पायथॉनची खिडकी) दिसतात तशीच लिहायची, तीन ग्रेटर-दॅन चिन्हं, मग कॉल, खालच्या ओळीवर उत्तर. मग डॉकटेस्ट मॉड्यूल ती चालवून बघतं, टर्मिनलला पायथॉन, डॅश एम, डॉकटेस्ट, फाईलचं नाव. काहीच छापलं नाही तर सगळं पास, घाबरू नका, तपशील हवा तर डॅश व्ही लावा. फक्त ते अक्षर न् अक्षर जुळवतं, त्यामुळे ०.१ अधिक ०.२ चं उत्तर ०.३ लिहिलं तर फेल, फ्लोटला (दशांश संख्येला) शेपूट येतं, तिथे राउंड करा.

बॉडी एका ओळीची आहे: चारने भाग जातो, आणि (शंभरने जात नाही किंवा चारशेने जातो). कंस विसरू नका. तेच रिटर्न करा, इफ-एल्स लावून वेगळं ट्रू-फॉल्स लिहायची गरज नाही, लिहिलंत तरी चूक नाही म्हणा.

आता रिटर्नऐवजी प्रिंट लिहिलं तर? गंमत म्हणजे डॉकटेस्ट तरीही पास होईल! स्क्रीनवर ट्रू छापलं जातं, फंक्शन देतं नन (म्हणजे काहीच नाही), आणि शेल नन दाखवतच नाही. भांडं फुटतं ते दुसऱ्या फंक्शनमध्ये. महिन्याचे दिवस काढणाऱ्या फंक्शनने इफमध्ये याला विचारलं की नन म्हणजे नाही, मग २०२४ चा फेब्रुवारी पण २८ चाच. म्हणून एक उदाहरण असं ठेवा की कॉलच्या पुढे "इज ट्रू" लावलंय, ते लगेच पकडतं. व्हायवाला प्रिंट आणि रिटर्नमधला फरक हमखास विचारतात, तेव्हा हेच सांगा.

टाइप हिंट पण द्या, म्हणजे काय प्रकारचं घेणार आणि देणार ते डेफच्या ओळीतच लिहा: वर्ष इंट (पूर्णांक), बाणापुढे बूल (ट्रू-फॉल्स). पण पायथॉन चालवताना ती तपासत नाही हे लक्षात असू द्या. इनपुटमधून आलेलं "२०२४" स्ट्रिंग असतं, ते तसंच दिलं तर एरर येतो स्ट्रिंग फॉरमॅटिंगचा, आणि पोरं तासभर डोकं धरून बसतात, कारण स्ट्रिंगपुढे टक्क्याचं चिन्ह आलं की त्याचा अर्थ बाकी नसून फॉरमॅटिंग होतो. इंटमध्ये बदलणं फंक्शनच्या बाहेर, इनपुट घेता तिथेच करा.

महिन्याच्या फंक्शनला कोणी १३ दिला तर काय, हेही डॉकस्ट्रिंगमध्ये एका ओळीत लिहा. मी व्हॅल्यूएरर रेझ करतो, म्हणजे चुकीची किंमत आली असा एरर मुद्दाम देतो. काही जण उणे एक परत देतात, मला ते पटत नाही, कारण कोणीतरी बारा महिन्यांची बेरीज करतो आणि तो उणे एक त्यात गुपचूप मिसळून जातो.