परक्लोरेट टेस्ट करताना आयसोटोप आधी बघा

न्यूक्लिअर मेडिसिनला नव्याने आलेल्यांसाठी लिहितेय. थायरॉइड स्कॅन आणि अपटेक तुम्हाला येतात असं धरून चालते. थायरॉइड ग्रंथी आत ओढलेलं आयोडीन नीट जोडून ठेवते का हे बघणारी परक्लोरेट डिस्चार्ज टेस्ट मात्र इतकी क्वचित लागते की ती नीट बसून कोणी शिकवत नाही, आणि व्हायवाला नेमकी तीच विचारतात.

एनआयएस (सोडियम-आयोडाइड सिम्पोर्टर) हा पंप रक्तातलं आयोडाइड थायरॉइडच्या पेशीत ओढतो. मग पेरॉक्सिडेज हे एन्झाइम ते थायरोग्लोब्युलिन या प्रथिनाला जोडतं. निरोगी ग्रंथीत हे काही मिनिटांत उरकतं. परक्लोरेट पंप अडवतं. न जोडलेलं आयोडाइड बाहेर झिरपतं, जोडलेलं जागेवर राहतं. म्हणून रेडिओआयोडीन देऊन दोन तासांनी मानेवरचे काउंट घ्यायचे, परक्लोरेट पाजायचं आणि पुढचा तासभर मोजत राहायचं. काउंटमधली घट 10 टक्क्यांच्या वर गेली तर जोडणीचा दोष आहे, 90 च्या वर गेली तर जोडणी जवळजवळ होतच नाही. मांडीवरचे बॅकग्राउंड काउंट वजा करायला विसरू नका.

आता मी जिथे अडकले ते. आपलं रोजचं काम टेक्निशियमवर चालतं. टेक्निशियमही त्याच पंपाने आत जातं, पण पुढे कशालाच जोडलं जात नाही. त्यामुळे जोडणीचा दोष असलेली ग्रंथी टेक्निशियम स्कॅनवर मोठी आणि झगझगीत दिसते. त्यावर 'अपटेक चांगला, दोष नाही' असं लिहिणं साफ चूक. आणि 'टेक्निशियम दिलंच आहे, वरून परक्लोरेट देऊन बघू' असं कोणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा. ते निरोगी ग्रंथीतूनही बाहेर पडेल, म्हणजे प्रत्येक पेशंट पॉझिटिव्ह. या टेस्टला आयोडीनच हवं, 123 किंवा 131.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या प्रोटोकॉलच्या फोटोंवर माझा अजिबात विश्वास नाही. काउंटिंग रूममधल्या जुन्या टेक्नॉलॉजिस्टजवळ एक दुपार बसा, जास्त शिकाल.

हिस्टरीत कॉन्ट्रास्ट सीटी, अमिओडॅरोन (आयोडीन असलेलं हृदयाचं औषध) आणि बाळाच्या नाळेला लावलेलं बीटाडीन विचाराच. आयोडीनचा मारा झाला असेल तर अपटेकच पडतो, मग घटीचे टक्के निरर्थक. स्कॅन कोरा पण सोनोग्राफीत ग्रंथी जागेवर असेल, तर 'ग्रंथी नाही' लिहू नका. पंपाचा दोषही असू शकतो.

घाबरू नका, या टेस्टची घाई कधीच नसते. थायरॉइड कमी असलेल्या नवजात बाळाला थायरॉक्सिनची गोळी आधी, टेस्ट नंतर. मूल तीन वर्षांचं झाल्यावर एंडोक्रायनॉलॉजिस्ट साधारण चार आठवडे गोळी थांबवून पाठवतात. आई विचारतेच, "मग गोळी कायमची बंद का?" तिला तिथल्या तिथे सांगा, टेस्ट झाली की डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून परत सुरू करायची, आणि तो दिवस फाइलवर लिहून द्या.