जुन्या पेनपेन्सिलीत नेमकं कुठलं लीड बसतं?

आजोबांच्या ड्रॉवरमधली जुनी पार्कर, शेफर नाहीतर एव्हरशार्प पेनपेन्सिल हाती लागली की आपण पहिलं काय करतो, दुकानातलं ०.५ किंवा ०.७ चं लीड घालतो आणि ते सरळ खाली गळून पडतं, मग वाटतं पेन्सिल बिघडली. प्लीज फेकू नका!! १९२०-३० च्या बऱ्याच अमेरिकन पेन्सिलींना १.१८ मिमीचं जाड लीड लागतं, नंतरच्या बऱ्याच मॉडेल्सना ०.९. आत अडकलेला जुना तुकडा असेल तर व्हर्नियरने (बारीक जाडी मोजायच्या साधनाने) मोजा. १.१८ वाल्या पेन्सिलीसाठी लीड मागवताना १.१८ च बघा, १.३ वालं जबरदस्तीने घुसवलं तर टोकाची नळीच फाकते. बऱ्याच पिळायच्या पेन्सिलींत लीड पुढूनच भरतात, पूर्ण उलटं फिरवून मग हलकेच आत सरकवायचं.