बुकमार्कसाठी एकच टेक्स्ट फाईल

ऑफिसात क्रोम, घरी फायरफॉक्स, आणि बुकमार्क दोन्हीकडे विखुरलेले असं असेल तर बुकू (buku) नावाचं बुकमार्क सांभाळणारं फुकट टूल बघाच. टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत चालतं, दोन्ही ब्राउझरचे बुकमार्क थेट उचलतं, आणि एक यूआरएल दुसऱ्यांदा घेतच नाही त्यामुळे डुप्लिकेट आपोआप गळतात, हे मला सगळ्यात भारी वाटतं.

मग त्यातून ऑर्ग किंवा मार्कडाऊन (दोन्ही साध्या टेक्स्टचेच प्रकार) फाईल एक्सपोर्ट करा आणि पुढचं सगळं काम आपल्या एडिटरमध्ये, म्हणजे सर्च, टॅग बदलणं, मेलेल्या लिंका उडवणं. ईमॅक्स नावाच्या एडिटरच्या ऑर्ग-मोडमध्ये लिंकवर कंट्रोल-सी कंट्रोल-ओ दाबलं की ब्राउझरात उघडते, विम या दुसऱ्या एडिटरमध्ये त्यासाठी gx दाबायचं. फाईल गिटमध्ये (फाईलचे जुने-नवे बदल जपून ठेवणारं टूल) ठेवा, चुकून काही उडालं तरी जुनं परत मिळतं, शिवाय पुश-पुल केलं की ती दुसऱ्या मशीनवरही पोचते.

ब्राउझरमध्ये परत न्यायचे असतील तर एचटीएमएल एक्सपोर्ट करून इम्पोर्ट करा, पण त्याआधी तिथल्या बुकमार्कचा बॅकअप घेऊन जुने काढून टाका, कारण ब्राउझर जुन्यावरच नवीन ओततो आणि सगळं डबल होतं. आणि प्रायव्हेट लिंका असतील तर गिटची रेपो, म्हणजे फाईल ठेवलेली जागा, पब्लिक अजिबात ठेवू नका.