अंगणातली चुनखडी आणि पिवळा पडणारा अनंत

लातूरला आमच्या अंगणातला अनंत उन्हाळा आला की पिवळा पडायचा. पान पिवळं, शिरा मात्र हिरव्यागार. नर्सरीवाले म्हणायचे खत कमी पडतंय. खतानं काही फरक पडेना. मग वाळलेली माती चिमूटभर बशीत घेतली, वर व्हिनेगर टाकलं, तर फसफसायला लागली. म्हणजे मातीत चुनखडी, वरून बोअरचं जड पाणी. अशा मातीत लोह असतं, पण मुळांना उचलता येत नाही, म्हणून पानं पिवळी. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, फवारलं की नवी पानं तेवढ्यापुरती हिरवी येतात. पण किती दिवस सलाईनवर ठेवणार?

अनंत कुंडीत हलवला: कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पालापाचोळ्याचं खत, पावसाचं साठवलेलं पाणी. जमिनीत सीताफळ, शेवगा आणि बोगनवेल. बालाघाटच्या डोंगरात सीताफळाला कोण पाणी घालतंय, त्याला आमच्या अंगणाचं काय कौतुक! कण्हेरही टिकते, पण विषारी. घरात लेकरू आहे म्हणून टाळली.

शेवग्याला पाणी साचलेलं चालत नाही. काळ्या मातीत मुरूम मिसळून रोप उंचवट्यावर लावलं, तेही मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावरच.