स्क्रिप्टिंग शिकायचंय, पण कोणत्या भाषेत?

पायथन की लिस्प, हा प्रश्न नंतरचा. आधी आर्किटेक्टच्या ऑफिसात रोज कोणत्या फाइली उघडतात ते बघा, कारण स्क्रिप्ट, म्हणजे नकाशाचं तेच ते काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, चालते ती त्या सॉफ्टवेअरच्या पोटात.

काम ऑटोकॅडमध्ये असेल, मंजुरीच्या नकाशांचे लेअर (रेषांचे थर) लावण्यातच दिवस जात असेल, तर ऑटोलिस्प, म्हणजे ऑटोकॅडमधली लिस्प, घ्या. भाषा 1986 पासूनची, कंसांनी डोळे फिरवणारी, पण या कामाला अजून तोड नाही. एलटी, म्हणजे ऑटोकॅडचं आटोपशीर रूप, वापरत असाल तर आवृत्ती तपासा; 2024 च्या आधीच्या एलटीत लिस्प चालत नाही. नवख्यांना हमखास छळतो तो ओस्नॅप, म्हणजे बिंदू आपोआप पकडण्याची सोय. स्क्रिप्टनं दिलेला बिंदू जवळच्या कोपऱ्याला चिकटतो आणि भिंत तिरकी येते. सुरुवातीला ओएसमोड या ओस्नॅपच्या सेटिंगची जुनी किंमत जपून ठेवा, ते शून्य करा, शेवटी जुनी किंमत परत लावा. हेच एरर हाताळणाऱ्या फंक्शनमध्येही लिहा, नाहीतर मध्येच एस्केप दाबल्यावर ओस्नॅप बंदच राहतो.

स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरला रुबी ही भाषा. तिथं आतलं माप इंचात असतं: 230 मिमीची भिंत म्हणून नुसतं 230 लिहिलंत तर 5.84 मीटर जाडीची भिंत उभी राहते. आकड्यानंतर एमएम जोडा (230.mm). शून्य पातळीवर काढलेल्या फेसचं (सपाट पृष्ठाचं) तोंड खाली असतं, त्यामुळे पुशपुल केलं, म्हणजे तो ओढून उंची दिली, की खोली जमिनीत जाते. आधी फेस उलटा. रेव्हिट या इमारतीचं मॉडेल करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एपीआयमध्ये (स्क्रिप्टशी बोलण्याच्या दारात) लांबी फुटांत. 3000 मिमीचा मजला न बदलता दिला तर 914 मीटर होतो. तिथं डायनॅमोपासून, म्हणजे ठोकळे जोडून स्क्रिप्ट करण्याच्या सोयीपासून, सुरुवात करा, मग त्यातच पायथन.

दोन भाषांत मन अडकलं असेल तर दोन्हींत एकच छोटं काम करून बघा. सांगलीत 2019 च्या पुरानंतर कृष्णाकाठच्या घराचं जोतं किती घ्यायचं हे मालक तीनदा बदलू शकतो, म्हणून तेच घ्या. जोत्याची उंची द्यायची. पायऱ्या आणि 1:12 चा (1 उंचीला 12 लांबी) रॅम्प आपोआप यायला हवा. 450 मिमीला 150 चे 3 रायझर (पायरीच्या उभ्या बाजू) आणि 5.4 मीटर रॅम्प. 1200 ला 8 रायझर, पण रॅम्प तब्बल 14.4 मीटर, मधले लँडिंग (सपाट टप्पे) वेगळे. एवढा प्लॉट आहे का, हे तिथंच कळतं.

खरी परीक्षा 1000 मिमीच्या जोत्याला, 1000 ला 150 नं भागताना. ऑटोलिस्प आणि रुबी दोन्ही पूर्णांकांच्या भागाकारात 6 उत्तर देतात, वरचे 100 मिमी गायब! पायथन 3 मध्ये 6.67 येतं. म्हणून 150.0 लिहा, उत्तर वरच्या पूर्णांकाला न्या आणि 1000 ला 7 नं भागा: रायझर साधारण 143 मिमी. सर्वात वरची पायरी जोत्यातच धरली तर ट्रेड (पाय ठेवायच्या आडव्या बाजू) 6 च लागतात, 7 नाही.

साताऱ्याकडे यवतेश्वर, पाचगणीच्या उतारावरच्या जागांना कंटूर (समान उंचीच्या रेषा) आले की ऱ्हायनो या थ्रीडी सॉफ्टवेअरमधला ग्रासहॉपर, म्हणजे ठोकळे जोडून स्क्रिप्ट करण्याची सोय, सोयीचा. ऱ्हायनो 8 मध्ये पायथन 3 आलं. ऱ्हायनो 7 च्या पायथनमध्ये नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी चालत नाही, तेव्हा उतरवून घेतलेली स्क्रिप्ट कोणत्या आवृत्तीची आहे ते आधी बघा.

विद्यार्थ्यांना लायसन्स परवडत नसेल तर फ्रीकॅड किंवा ब्लेंडर, दोन्ही फुकट, दोन्हींत पायथन. मात्र ब्लेंडर डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची फाइल, थेट उघडत नाही. नकाशा डीएक्सएफ या देवाणघेवाणीच्या फाइलप्रकारात करून मागवा.